लिनक्सवर एक्सटर्नल हार्ड डिस्क कॉपी करता करता मध्येच गायब होते? फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

लक्षणं आधी सांगतो, तुमचं यातलं काय जुळतंय ते बघा.

मोठं फोल्डर कॉपीला लावलं, पाच-सात जीबी मस्त गेले आणि मग पट्टी जागेवरच अडकली, थोड्या वेळानं खिडकी आपोआप बंद आणि डाव्या बाजूचं डिस्कचं चिन्ह गायब. काढून परत लावली की येते, पण लिनक्सनं तिला दिलेलं नाव मघाशी एसडीबी होतं ते आता एसडीसी झालेलं असतं. नाहीतर डिस्क दिसते, जुने फोटो उघडतात, पण नवीन काही टाकायला गेलं की 'रीड-ओन्ली' म्हणून हाकलून लावते. नाहीतर लाइट लागतो, आतून बारीक टिक टिक येतं आणि स्क्रीनवर काहीच नाही. आणि एक फसवं लक्षण, कॉपी शंभर टक्के झाली म्हणून डिस्क काढून घेतली, दुसरीकडं लावली तर शेवटच्या फाइली शून्य केबीच्या.

मी सोलापुरात जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकून देतो. दोन-तीन फोटो स्टुडिओ, एक डीटीपीवाले काका आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलचे काही कारखाने, एवढीच माझी दुनिया. २०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून जुन्या मशिनी जरा जास्तच यायला लागल्यात, आणि मशीन आली की मागोमाग डिस्कचं रडगाणं येतंच. "डिस्क मेली ओ दादा" असा फोन आला की मी आता घाबरत नाही, कारण माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक 'मेलेल्या' डिस्का जिवंतच निघाल्यात. मेलेली असते ती केबल, नाहीतर पोर्ट. आणि कधी कधी चांगली डिस्क माणसांनीच घाईघाईत फॉरमॅट करून मारलेली असते.

म्हणून पहिली गोष्ट, काहीही करा पण फॉरमॅट, रिपेअर, पार्टिशन असली बटणं अजून दाबू नका. एक्स्ट४ मधली, म्हणजे लिनक्सच्या फॉरमॅटमधली, डिस्क विंडोजला लावली तर विंडोज सरळ विचारतं, फॉरमॅट करायची का. डिस्क खराब नसते, विंडोजला ती वाचता येत नाही एवढंच. एका स्टुडिओतल्या पोरानं असंच 'हो' म्हणलं होतं, पूर्ण लग्नसराईचं काम त्यात होतं. त्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगतो.

अजून एक, कमांडा मी इथं मराठी अक्षरात लिहितोय, टर्मिनलमध्ये इंग्रजी छोट्या अक्षरातच टाकायच्या.

पोर्ट बदला, फुकटचं काम आहे

डेस्कटॉप असेल तर पुढचं पोर्ट सोडा, मागं मदरबोर्डवरच्या पोर्टात थेट लावा. मध्ये हब नको, एक्स्टेंशन नको. पुढचं पोर्ट म्हणजे कॅबिनेटच्या आतून एक बारीक वायर मदरबोर्डपर्यंत गेलेली असते, त्यात व्होल्टेज पडतं आणि सिग्नलही कच्चा होतो. पेनड्राइव्हला ते चालून जातं कारण त्याला करंट कमी लागतो, फिरणाऱ्या डिस्कला चालत नाही. म्हणूनच "पेनड्राइव्ह चालतो की, मग पोर्ट चांगलंच आहे" हा हिशोब चुकतो.

आपल्याकडं अजून एक भानगड आहे. टॉवेलच्या कारखान्यातल्या ऑफिसमध्ये कॉम्प्युटर असेल तर पोर्टात बॅटरी मारून बघा. कापसाचे बारीक तंतू आत जाऊन इतके घट्ट बसतात की कनेक्टर पूर्ण आत जातच नाही, वरून मात्र बसल्यासारखा दिसतो. मशीन बंद करायची, प्लग काढायचा आणि लाकडी टूथपिकनं हळूच कोरून काढायचं, नाहीतर ब्लोअर मारायचा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. मला एकदा एका पोर्टातून चक्क जावळासारखा पुंजका मिळाला होता, तो काढला आणि डिस्क चालू, पैसे काय मागायचे हाच प्रश्न पडला. शेंगाचटणीची पुडी घेऊन आलो.

केबल, खरी चोर हीच

पोर्ट बदलून फरक नसेल तर केबल. जुन्या पोर्टेबल डिस्कला ती चपटी, रुंद, दोन भागांची पिन येते ना, ती लय नाजूक असते. त्यात एका बाजूला जुन्या यूएसबी २ च्या पिना असतात आणि शेजारच्या छोट्या भागात यूएसबी ३ च्या जास्तीच्या पिना. डिस्क बॅगेत टाकताना केबल लावूनच टाकली, दोन-चार वेळा मुरगळली की तो छोटा भाग सैल होतो. मग डिस्क लागते, ओळखते, थोडा वेळ चालते आणि जरा हात लागला की गेली.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. डिस्क मुद्दाम काळ्या पोर्टात, म्हणजे यूएसबी २ मध्ये लावा. तिथं फक्त जुन्या पिना वापरल्या जातात. तिथं हळू का होईना पण तासभर न तुटता कॉपी झाली, आणि निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या, पोर्टात दहा मिनिटात तुटते, तर डिस्क चांगली आहे असं समजून केबल बदला. उलटं मात्र खरं नाही, काळ्या पोर्टात पण तुटली तर केबल चांगली आहे असं होत नाही, कारण काळ्या पोर्टाला करंटच कमी असतो, त्यावर पुढं येतोच.

केबल आखूड घ्या, अर्ध्या मीटरची बास. टाइप-सी वाली डिस्क असेल तर मोबाइल चार्जरची केबल लावू नका, त्यातल्या काही केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि असल्या तरी बऱ्याचदा यूएसबी २ च्याच असतात. मी बॅगेत एक केबल ठेवलीय जी फक्त टेस्टिंगला वापरतो, कुणालाही देत नाही, सख्ख्या भावाला पण नाही.

आता कॉम्प्युटरलाच विचारा

इथपर्यंत झालं की टर्मिनल उघडा, पुढं सुडो (म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं) लावून डीएमईएसजी डॅश डब्ल्यू ही कमांड चालू ठेवा आणि मग डिस्क लावा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जे काय बडबडतो ते समोर दिसतं. डिस्कला यानं काही इजा होत नाही, हे फक्त वाचणं आहे, म्हणून कितीही वेळा करा. सगळं समजायची गरज नाही, चार गोष्टी ओळखा.

'यूएसबी डिस्कनेक्ट' असं कॉपी चालू असताना आलं आणि तुम्ही हात लावला नव्हता, तर केबल, पोर्ट नाहीतर पॉवर. 'एरर वजा ७१' म्हणजे कॉम्प्युटर आणि डिस्क यांच्या बोलण्यातच खरखर आहे, परत केबल. 'एरर वजा ११०' म्हणजे वाट बघून बघून टाइमआउट झाला, हे पॉवर कमी पडली की लय वेळा दिसतं. आणि 'आय-ओ एरर' सोबत सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) नंबर येत असतील, ते पण डिस्कनेक्ट न होता, तर मात्र सावध व्हा, बोट डिस्ककडं जातंय. 'रीसेट' 'रीसेट' अशी रांग लागली आणि त्यात यूएएस (यूएसबीवरून डिस्कशी वेगानं बोलायची नवी पद्धत) हा शब्द दिसला तर त्याचा वेगळा इलाज खाली आहे.

दुसरी कमांड एलएसबीएलके. यात डिस्क तिच्या खऱ्या साइजसकट दिसली तर निम्मी लढाई जिंकली, म्हणजे डिस्क जागी आहे, प्रॉब्लेम फक्त माउंटचा (डिस्क वापरायला जोडून घेण्याचा) नाहीतर फाइलसिस्टीमचा (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीचा) आहे. साइज शून्य दाखवत असेल किंवा एक टीबीच्या जागी काहीतरी भलतंच, तर पुढचे सगळे उपाय सोडून थेट शेवटच्या भागावर जा.

पॉवर, ऊन आणि हादरे

यूएसबी २ पोर्ट नियमानं ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. लॅपटॉप साइजची अडीच इंची डिस्क नुसती फिरत असताना यात भागते, पण थांबलेल्या तबकड्या फिरायला सुरू करताना तिला एकदम जास्त ओढ लागते. ती मिळाली नाही की मोटर सुरू होते, बंद होते, सुरू होते, आणि तेच ते टिक टिक. म्हणून टिक टिक ऐकली की लगेच डिस्क मेली म्हणू नका, आधी चांगल्या केबलनं मागच्या निळ्या पोर्टात लावून ऐका. जुन्या लॅपटॉपला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्या, अडॅप्टरवालाच, नुसता चार तोंडांचा हब घेतला तर एकाच पोर्टाचा करंट चौघांत वाटला जातो आणि अजून वाट लागते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला तर १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतोच, तो जुना झाला की डिस्क अशीच नाटकं करते, तेव्हा तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा लावून बघा. व्होल्ट चुकवू नका फक्त, एकदा चुकला की बोर्ड जळाला म्हणून समजा.

उन्हाचं वेगळं सांगायला नको. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या कागदावर आजूबाजूचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ हे सकाळी चहा घेताना असतं. दुपारी दोनशे जीबीचा बॅकअप लावून जेवायला गेलात तर ती डिस्क तव्यासारखी होणार. मी उन्हाळ्यात मोठे बॅकअप रात्रीच लावतो, डिस्क उभी न ठेवता सपाट, चारी बाजूनं मोकळी, वर टेबल फॅन.

हादऱ्याचा किस्सा सांगतो. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिझाइनच्या फाइलींचा बॅकअप रोज दुपारी तुटायचा, रविवारी मात्र कधी नाही. पोर्ट बदललं, केबल बदलली, हब आणला, काही नाही. शेवटी एकदा मी तिथंच बसून राहिलो, तर लक्षात आलं की ऑफिसचं टेबल आणि मागाचं शेड यांची भिंत एकच, माग चालू असले की टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासात गोल गोल लाटा दिसतात. फिरणाऱ्या डिस्कचं हेड तबकडीच्या इतकं जवळ असतं की सततच्या हादऱ्यानं ते रुळावरून हलतं, परत परत वाचायला लागतं, आणि तेवढ्यात वेळ संपून लिनक्स कनेक्शन तोडतं. रविवारी माग बंद, म्हणून डिस्क खुश. मालकांना सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी हौसेनं डिस्कच्या खाली सोलापुरी चादर चौघडी करून घातली. हादरे थांबले आणि डिस्क चादरीत शिजायला लागली. "अण्णा, चादर माणसाला ओ, डिस्कला नको," म्हणलं. आता ती पलीकडच्या भिंतीला, लाकडी फळीवर आहे आणि बॅकअप रात्री होतो.

रीड-ओन्ली का होते

डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटमधली, असेल आणि ती विंडोजच्या मशीनलाही लागत असेल तर पहिला संशय विंडोजच्या फास्ट स्टार्टअपवर घ्या. त्यात शटडाऊन म्हणलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि तसंच डिस्क उपसून काढली तर तिच्यावर 'काम अपुरं आहे' अशी खूण राहते. लिनक्स ती खूण बघून लिहायला नकार देतं, कधी माउंटच करत नाही. हा लिनक्सचा हट्ट नाही, तुमच्याच फाइली वाचवायला केलेलं आहे. इलाज म्हणजे डिस्क परत विंडोजला लावा, तिथं चेकडिस्क चालवा, मग शिफ्ट दाबून शटडाऊन करा म्हणजे खरंखुरं बंद होतं. विंडोजची मशीन नसेलच तर एनटीएफएसफिक्स नावाची कमांड आहे, पण ती चेकडिस्कची जागा घेत नाही, ती थोडीफार डागडुजी करून खूण पुसते आणि बाकीचं विंडोजवर सोपवते. एकच प्रत असलेल्या डेटावर मी ती वापरत नाही.

डिस्क एक्स्ट४ असेल आणि चालता चालता रीड-ओन्ली झाली, तर लिहिताना काहीतरी अडलं म्हणून कर्नलनं स्वतः ब्रेक दाबलाय. परत माउंट करून जबरदस्तीनं लिहू नका, डीएमईएसजी बघा. कारण केबल निघालं तर केबल बदलून, डिस्क अनमाउंट करून मग एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड. माउंट असलेल्या डिस्कवर एफएससीके कधीच नाही, चालत्या गाडीचं टायर बदलण्यातला प्रकार आहे तो.

नुसती परवानगीची अडचण पण असते हां, नवीन एक्स्ट४ डिस्कचा मालक रूट (लिनक्सचा ॲडमिन) असतो म्हणून तुम्हाला लिहिता येत नाही, त्याला रीड-ओन्ली म्हणत नाहीत. सीएचओडब्ल्यूएन कमांडनं फोल्डर आपल्या नावावर केलं की झालं.

शंभर टक्के झालं म्हणजे झालं नाही

लिनक्स कॉपी करताना आधी रॅममध्ये घेतं आणि मागून सावकाश डिस्कवर उतरवतं. पट्टी संपली तरी लिहिणं चालू असतं. इजेक्ट दाबा आणि 'आता काढा' म्हणेपर्यंत थांबा, नाहीतर टर्मिनलमध्ये सिंक लिहून एंटर मारा, कर्सर परत येईपर्यंत डिस्कला हात नाही. एक्सफॅट असेल तर जास्तच सांभाळा, त्याला जर्नल, म्हणजे चालू कामाची नोंदवही, नसतं, अर्धवट लिहिलेलं सावरायला त्याच्याकडं काही नाही. लाइट गेली तरी हेच होतं, म्हणून डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर मोठा बॅकअप लावू नका.

आणि सुरुवातीला ११० एमबीनं पळणारी कॉपी थोड्या वेळानं १०-१५ वर आली, पण तुटत नसेल, डीएमईएसजी शांत असेल, तर तो बिघाड नाहीच. बऱ्याच स्वस्त पोर्टेबल डिस्कमध्ये एकावर एक कौलं रचल्यासारखे ट्रॅक असतात, वेगवान भाग भरला की त्या रांगत चालतात. रात्रभर लावून झोपा.

यूएएसचं औषध

हे सगळं करून पण रीसेट येत असतील तर एलएसयूएसबी डॅश टी चालवा आणि डिस्कसमोर ड्रायव्हर यूएएस आहे का बघा. डिस्कच्या डबीत जी छोटी यूएसबी-टू-साटा चिप असते (साटा म्हणजे डिस्कची स्वतःची आतली जोडणी) त्यातल्या काही चिपा यूएएस येतं म्हणतात पण जोर पडला की अडखळतात. साध्या एलएसयूएसबी मध्ये तुमच्या डिस्कचा चार-चार अक्षरांचा आयडी दिसेल, मध्ये कोलन असलेला. ईटीसी मधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमध्ये डॉट कॉन्फनं संपणारी एक नवीन फाइल करायची, त्यात एकच ओळ, ऑप्शन्स यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स इज-इक्वल-टू तो आयडी, कोलन, यू. मग अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू, आणि रीस्टार्ट. आता ती डिस्क जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर चालेल, वेग थोडा पडेल पण तुटायची थांबेल. स्वस्तातल्या रिकाम्या डब्या घेऊन त्यात लॅपटॉपची जुनी डिस्क घातलेल्यांना हे हमखास लागतं.

डिस्कची नाडी

आता खुद्द डिस्क. स्मार्टमॉनटूल्स हे डिस्कची तब्येत सांगणारं टूल टाका आणि सुडो लावून स्मार्टसीटीएल डॅश ए, पुढं डिस्कचं नाव. उत्तर आलं नाही तर डॅश डी साट पण जोडा. लांबलचक तक्ता येईल, वर 'पास्ड' लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका, पास्ड म्हणत म्हणत गेलेल्या डिस्का बघितल्यात. शेवटचा रॉ कॉलम बघा. ५ नंबरला बदललेले सेक्टर, १९७ ला वाचता न येणारे वाट बघत असलेले सेक्टर, १९८ ला हाताबाहेर गेलेले. तिन्ही शून्य असतील तर डिस्क बहुतेक ठणठणीत, परत केबलकडं जा. १९७ मध्ये आकडा असेल आणि उद्या बघितल्यावर वाढला असेल तर डिस्क चालली. १९९ वाढत असेल तर घाबरू नका, ती डबीच्या आतल्या जोडणीतली खरखर आहे, डिस्क काढून दुसऱ्या डबीत घाला. काही पोर्टेबल डिस्कमध्ये मात्र यूएसबी सॉकेट डिस्कच्या बोर्डलाच चिकटवलेलं असतं, आत साटा पिनाच नसतात, त्या उघडून उपयोग नाही.

डिस्क चालली असं दिसलं तर आधी रिपेअर नाही, आधी डेटा. तेवढी किंवा मोठी दुसरी डिस्क आणा आणि डीडीरेस्क्यू ही खराब डिस्कवरून डेटा उचलणारी कमांड वापरा, मॅप फाइलसकट, म्हणजे काय उचललं त्याची नोंद ठेवणाऱ्या फाइलीसकट. ते आधी सोपं सोपं उचलतं, अवघड जागा मागं ठेवतं, आणि मध्ये तुटलं तरी मॅपमुळं तिथूनच पुढं सुरू होतं. साधं कॉपी-पेस्ट एकाच खराब फाइलीवर डोकं आपटत बसतं आणि तेवढ्यात डिस्कचा जीव जातो. सोर्स आणि टार्गेट कुठली ते तीनदा बघा, उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

इथं थांबा

चांगल्या केबलवर, चांगल्या पोर्टात पण टक टक येतेय. एलएसबीएलके मध्ये साइज शून्य. डिस्क चालू असताना हातातून पडलीय. पाणी गेलंय. जळका वास आलाय. डीडीरेस्क्यू तासभरात पुढं सरकत नाही. यातलं काहीही असेल आणि त्या डेटाची दुसरी प्रत नसेल तर डिस्क काढा, परत लावून बघू नका, 'एकदाच शेवटचं' पण नाही. हेड तुटलं असेल तर प्रत्येक चक्कर तबकडी खरवडते. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा, आत दव धरतं.

गल्लीतल्या दुकानात स्क्रू काढून झाकण उघडू देऊ नका, मी पण उघडत नाही, माझ्याकडं तसली धूळ नसलेली जागाच नाही. क्लीन रूम असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडं द्या, पुण्या-मुंबईत आहेत. देताना तीन गोष्टी आधी विचारा, नुसती तपासणी किती, डेटा नाही मिळाला तर किती, आणि मिळालेल्या फाइलींची यादी पैसे द्यायच्या आधी दाखवणार का. आधी काय काय करून बघितलं ते पण खरं खरं सांगा, लाजू नका.

त्या स्टुडिओतल्या पोराचं राहिलंच. त्यानं क्विक फॉरमॅट मारलं होतं आणि घाबरून लगेच डिस्क काढली, वर काहीही लिहिलं नाही. मी आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढली आणि मग फोटोरेक या उडालेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रामनं त्या इमेजमधून फोटो काढले, नावं आणि फोल्डर सगळे गेले पण बहुतेक फोटो मिळाले. चार हजारांच्या वर फोटो नवरीच्या नावानं वेगळे करत पोरगं आठवडाभर बसलं होतं. आता त्याच्या प्रत्येक डिस्कवर मार्करनं लिहिलंय, 'लिनक्सची आहे, विंडोजला लावू नये'.